विंड चाइमचा आवाज कुठे बिघडतो, आणि घरी बनवताना नळ्या कशा कापाव्यात

प्रश्न थोडक्यात असा आहे. डोंबिवलीत पाचव्या मजल्यावर बाल्कनी आहे आणि गुहागरजवळ गावचं घर, पुढे अंगण. बाल्कनीत बाजारातून आणलेलं विंड चाइम लावलं, तर त्यातल्या दोनच नळ्या बऱ्या वाजतात आणि बाकीच्या नुसत्या खटखट करतात. वारा जोरात सुटला की शेजारच्या आजोबांची झोपमोड होते. आता दोन्हीकडे स्वतः बनवून लावायचं मनात आहे. पाईप कुठला घ्यावा, लांबी किती ठेवावी, सुरात कसं आणावं आणि गावच्या खाऱ्या हवेत काय टिकेल?

गेली बरीच वर्षं मी हेच काम करतो आहे, त्यामुळे खटखट करणाऱ्या नळ्यांपासूनच सुरुवात करतो. तिथलं कारण कळलं की बाकीच्या निम्म्या प्रश्नांची उत्तरं आपोआप मिळतात. माझ्याकडे येणारे बहुतेक लोक धातूबद्दल विचारतात: पितळ चांगलं की तांबं, स्टील चालेल का. पण आवाज गोड येतो की नाही हे आधी ठरतं ते भोक कुठे पाडलंय, नळीला मार कुठे बसतो आणि मारणारा लोलक कशाचा आहे यावर. धातूचा नंबर त्यानंतरचा.

मोकळ्या नळीला मधे टोला बसला की ती किंचित वाकते. मधला भाग एका बाजूला जातो, दोन्ही टोकं दुसऱ्या बाजूला, आणि हे पुढेमागे शेकडो वेळा होतं. या हालचालीत नळीवरच्या दोन जागा जवळपास स्थिर राहतात. त्या दोन्ही टोकांपासून लांबीच्या २२.४ टक्क्यांवर असतात. दोरी तिथे बांधली तर नळीला कळतही नाही की तिला कोणी धरलंय. दुसरीकडे कुठेही बांधली तर दोरी दर हेलकाव्यात थोडा थोडा आवाज खाते. घरात कुठलीही नळी असेल तर आत्ता करून बघा. टोकापासून पाव भागाच्या जरा अलीकडे दोन बोटांत ती हलकेच धरा आणि मधोमध बोटाच्या पेरानं मारा. मग बोटं सरकवत टोकाशी न्या आणि पुन्हा मारा. पहिल्यांदा स्वर लांबत जाईल, दुसऱ्यांदा तो जागीच विझेल.

बाजारातल्या स्वस्त मालात सगळ्या नळ्यांना वरच्या टोकापासून एकाच अंतरावर, बहुधा सेंटीमीटरभरावर, भोक असतं. बनवणाऱ्याला ते सोपं पडतं, कारण एकच माप लावून शंभर नळ्या पाडता येतात. आवाज मात्र लवकर मरतो आणि वरचे बारीक, टोचणारे स्वर पुढे येतात.

दुसरी चूक बघायला सुंदर दिसते म्हणून सगळीकडे होते. नळ्यांची वरची टोकं एका रेषेत ठेवतात आणि खाली पायऱ्या पडतात. समजा सगळ्यात लांब नळी ६०० मिलिमीटरची आहे आणि सगळ्यात आखूड ४२४ ची. लोलक लांब नळीच्या मधोमध, म्हणजे वरून ३०० मिलिमीटरवर टांगला. आखूड नळीचा खालचा स्थिर बिंदू वरून ३२९ वर येतो. म्हणजे लोलक तिच्यावर नेमका त्या मुक्या जागेजवळ आपटतो. तिथे कितीही जोरात मारा, स्वर निघतच नाही, नुसता ‘खट्’ येतो. तुमच्या बाल्कनीतल्या ज्या नळ्या वाजत नाहीत त्या आखूड असणार, याची मला जवळपास खात्री आहे. नळ्यांची टोकं नव्हे, तर त्यांचे मध्यबिंदू एका पातळीत हवेत. वरची टोकं खालीवर दिसली तरी बिघडत नाही.

नळीचे वरचे स्वर तंबोऱ्याच्या तारेसारखे दुप्पट, तिप्पट, चौपट असे येत नाहीत. मूळ स्वराच्या सुमारे २.७६ पट आणि ५.४ पट अशा आडव्यातिडव्या जागी ते बसतात, म्हणून ते फार चढले की आवाज कर्कश होतो. यातला पहिला, २.७६ पटीचा, स्वर नळीच्या बरोबर मध्यावर स्थिर असतो. मधोमध टोला बसला की तो उठतच नाही. शिवाय २२.४ टक्क्यांवरची दोरी तो आणखी दाबते. राहिला ५.४ पटीचा, त्याला मऊ लोलक गप्प करतो. विंड चाइमचं सगळं कौशल्य या तीन गोष्टींत आहे.

आता सामान. पहिल्या कामासाठी ॲल्युमिनियमचा गोल पाईप घ्या, बाहेरून २५ मिलिमीटर आणि पत्रा दीड मिलिमीटर जाडीचा. स्लायडिंग खिडक्या बनवणाऱ्यांना जो दुकानदार सेक्शन पुरवतो त्याच्याकडे मिळेल, १२ फुटी नगात आणि वजनावर. एका नगाचं वजन किलोच्या थोडं वर भरतं. दुकानातच पाईप दोन बोटांत लटकवून, चपलेच्या रबरी तळव्यानं मारून ऐका. स्वर येऊन ‘वां-वां’ असा हेलकावे खात असेल तर पाईपची जाडी सगळीकडे सारखी नाही, दुसरा बघा. हा दोष शिवण असलेल्या लोखंडी पाईपात हमखास सापडतो. पोचा आलेला नग फुकट दिला तरी घेऊ नका.

स्टीलबद्दल एक गोष्ट लोकांना खरी वाटत नाही. सारख्याच मापाची स्टीलची नळी ॲल्युमिनियमच्या जवळपास त्याच स्वरात वाजते. स्टील कडक जास्त आहे, पण जडही तेवढंच जास्त आहे, त्यामुळे हिशेब बरोबरीत सुटतो. फरक पडतो तो वजनात, जवळजवळ तिप्पट. तांबं आणि पितळ मात्र त्याच मापात बरंच खाली उतरतात. पितळेची नळी ॲल्युमिनियमच्या स्वरात हवी असेल तर लांबी सुमारे ८२ टक्के ठेवावी लागते. तांब्याचा एसीसाठी वापरतात तो गुंडाळीतला पाईप कधीच घेऊ नका. तो मऊ केलेला असतो आणि स्वर धरत नाही, सरळ लांबीचा कडक नग हवा. आणि जाड पत्र्याचा पाईप खालच्या स्वरात वाजतो हा समजही खरा नाही. जाडीनं आवाजाला वजन येतं, स्वर फारसा हलत नाही. स्वर हलतो लांबीनं आणि पाईपच्या घेरानं.

लांबीचा नियम पाठ करून ठेवण्यासारखा आहे. स्वर लांबीच्या वर्गाच्या उलट चालतो. नळी निम्मी केली तर स्वर दुप्पट होत नाही, चौपट होतो, म्हणजे दोन सप्तकं वर जातो. एक सप्तक चढवायचं तर लांबी ७०.७ टक्के करायची. तारेचं गणित डोक्यात ठेवून नळ्या कापणारे इथेच फसतात.

स्वर कुठले घ्यायचे? वारा कुठली नळी कधी वाजवेल ते आपल्या हातात नाही. म्हणून कुठलेही दोन किंवा तीन स्वर एकत्र आले तरी खुपणार नाहीत अशी निवड हवी. आपल्याकडे त्याला भूप रागासारखं उत्तर नाही. सा रे ग प ध, पाचच स्वर, सगळे शुद्ध, आणि अर्ध्या स्वराचं अंतर कुठेच नाही. षड्ज ६०० मिलिमीटरचा धरला तर रिषभ ५६६, गंधार ५३७, पंचम ४९०, धैवत ४६५ आणि वरचा षड्ज ४२४. वर सांगितलेल्या पाईपात ६०० ची नळी साधारण ४१५ ते ४२० हर्ट्झला वाजते, म्हणजे पेटीवरची काळी चार. या सहा नळ्यांची बेरीज भरते ३,०८२ मिलिमीटर, म्हणजे १२ फुटी एका नगात काम होऊन अर्ध्या मीटरहून अधिक तुकडा उरतो. तो तुकडा शेवटी नव्हे, आधी कापून घ्या. भोक पाडायचा, कानस चालवायचा सराव त्याच्यावर करा.

गाण्याचा कान असलेल्यांसाठी एक बारकावा. धैवत ४६५ ठेवला तर तो गंधाराशी चोख जुळतो. ४६२ केला तर रिषभाशी त्याचं सा-प सारखं नातं चोख बसतं. तीन मिलिमीटरांत हा सगळा फरक आहे. दोन्हीकडे एकदम चोख बसवता येत नाही, कुठल्या बाजूला झुकायचं ते आपल्या कानानं ठरवायचं. मी ४६५ ठेवतो. संध्याकाळी ऐकायला बसणाऱ्यांपैकी काही जण मालकंस मागतात. त्याची मापं ६०० च्या षड्जाला कोमल गंधार ५४८, मध्यम ५२०, कोमल धैवत ४७४ आणि कोमल निषाद ४४७. फार गंभीर, भरून राहणारा आवाज येतो. पण रोज सकाळी दात घासताना तो ऐकायचा आहे का, याचा आधी विचार करा. घरासाठी मी भूपच सुचवतो.

कापताना प्रत्येक नळी मापापेक्षा दोन-तीन मिलिमीटर लांब ठेवा. पाईप कटर वापरला तर कड आत वळते, ती गोल कानशीनं साफ करा. हॅक्सॉ वापरला तर कापलेलं तोंड काटकोनात आहे ना ते गुण्यानं बघा. नंतर कानशीनं एकेक मिलिमीटर उतरवत स्वर चढवत न्यायचा. ६०० च्या नळीत एक मिलिमीटर म्हणजे साधारण सहा सेंट. अर्धा स्वर म्हणजे शंभर सेंट, हे लक्षात घेतलं तर मिलिमीटरभराची चूक सामान्य कानाला कळणारही नाही. आखूड नळीत मात्र तोच मिलिमीटर आठ सेंटांचा होतो, तिथे हात जपून चालवा. स्वर उतरवायची सोय नाही, कमी झालेली लांबी परत येत नाही. मोबाईलवरच्या ट्यूनर ॲपवर तपासायला हरकत नाही, फक्त नळीच्या बरोबर मध्यावर रबरानं हलकेच मारा, नाहीतर ॲप वरचा स्वर पकडून भलतंच नाव दाखवतं. पेटी असेल तर सरळ पेटीला लावून ऐका, ते जास्त विश्वासाचं. ॲल्युमिनियम कानस लागून गरम होतं आणि गरम नळी किंचित उतरलेली वाजते. दोन मिनिटं थांबून मग ऐका.

स्वर जुळल्यावरच भोकं पाडायची. वरच्या टोकापासून अंतरं अशी: षड्ज १३४, रिषभ १२७, गंधार १२०, पंचम ११०, धैवत १०४, वरचा षड्ज ९५ मिलिमीटर. पंचनं खूण करून, आरपार समोरासमोर दोन भोकं, ३ मिलिमीटरच्या बिटनं. मग जाड बिट हातात धरून प्रत्येक भोकाची कड बाहेरून फिरवून मोडा, आणि आतली कड गुंडाळलेल्या पॉलिश पेपरनं. या कामाला अजिबात कंटाळू नका. दुरुस्तीला माझ्याकडे येणाऱ्या विंड चाइममध्ये सगळ्यात जास्त नळ्या सुटलेल्या असतात त्या याच धारदार कडेनं दोरी कातरल्यामुळे. पाचव्या मजल्यावरून नळी खाली पडणं ही फार गंभीर गोष्ट आहे.

वरची चकती १२ मिलिमीटरच्या वॉटरप्रूफ प्लायची किंवा सागवानाची, १७० ते १८० मिलिमीटर व्यासाची करा. त्यावर १४० मिलिमीटर व्यासाचं वर्तुळ आखून सहा सारख्या अंतरावर नळ्या टांगायच्या. मध्यबिंदू एका पातळीत आणायला दोऱ्या कमीजास्त ठेवाव्या लागतात. षड्जाची दोरी चकतीपासून भोकापर्यंत ४० मिलिमीटर धरली, तर रिषभाला ९ ने जास्त, गंधाराला १७, पंचमाला ३०, धैवताला ३७ आणि वरच्या षड्जाला ४९ ने जास्त. म्हणजे सगळ्यांचा मध्य चकतीच्या २०६ मिलिमीटर खाली येतो. लोलक तिथेच टांगायचा.

नळ्या चढत्या क्रमानं लावू नका. लोलक अनेकदा शेजारच्या दोन नळ्यांना एकदम लागतो, आणि सा-रे एकत्र वाजले तर ते कानाला घासतात. मी लावतो तो क्रम असा: सा, प, रे, ध, ग, वरचा सा, आणि पुन्हा पहिल्या सा ला वर्तुळ मिटतं. सा आणि प शेजारी, प आणि रे मध्ये षड्ज-मध्यम भाव, म्हणजे सा ते म इतकं अंतर, रे आणि ध मध्ये जवळपास षड्ज-पंचम, ध आणि ग मध्ये पुन्हा षड्ज-मध्यम, ग आणि तार षड्ज गोड, आणि दोन षड्ज शेजारी शेजारी. एकही जोडी खुपणारी नाही. या क्रमात लांब आणि आखूड नळ्या समोरासमोर येऊन वजनाचा तोल थोडा ढळतो, पण चकती वरून तीन दोऱ्यांनी टांगली तर ती सरळ राहते. एकाच दोरीवर टांगू नका.

लोलक सागवानाचा, ७० मिलिमीटर व्यासाचा आणि १५ जाडीचा. नळ्यांपासून सगळीकडे वीस-बावीस मिलिमीटर अंतर राहतं आणि तो दोन नळ्यांच्या फटीतून बाहेरही जात नाही. त्याच्या कडेला जुन्या चामडी पट्ट्याची एक फीत चिकटवा. आवाजात जमीन-अस्मानाचा फरक पडतो. नुसतं लाकूडही चालतं, पण आजोबांची झोप लक्षात घेता तुम्ही चामडं लावाच. धातूचा किंवा काचेचा लोलक नळ्यांच्या विंड चाइममध्ये मला कधीच पटला नाही.

लोलकाच्याच दोरीला, सगळ्यात लांब नळीच्या दहा-पंधरा सेंटीमीटर खाली, वारा धरणारी पट्टी बांधायची. आवाज कमीजास्त करायची खरी चावी ही पट्टी आहे. १० बाय १० सेंटीमीटरची पातळ प्लायची पट्टी आणि हा लोलक मिळून पन्नास ग्रॅमच्या आसपास भरतात. हिशेबानं ताशी दहा किलोमीटरच्या आसपासच्या झुळकेला लोलक नळीपर्यंत पोचतो, आणि पट्टी एकदा झुलायला लागली की त्याहून मंद वाऱ्यालाही. वाऱ्याचा जोर त्याच्या वेगाच्या वर्गानं वाढतो, वेग दुप्पट तर जोर चौपट. उंचावरच्या बाल्कनीत, दोन इमारतींच्या मधल्या वाऱ्याला, म्हणूनच हा प्रकार असह्य होतो. पट्टी ६ बाय ६ ची केली की तिच्यावरचा जोर जवळपास तिसऱ्या हिश्श्यावर येतो. डोंबिवलीत हीच लावा. गुहागरला अंगणाच्या मागच्या, झाडांआडच्या बाजूला मोठी पट्टी चालेल.

शिवाय रात्री झोपण्यापूर्वी पट्टीची दोरी बाल्कनीच्या कठड्याला अडकवायची सवय ठेवा, त्यासाठी एक छोटा हूक लावून घ्या. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबलची मर्यादा आहे. मध्यरात्रीच्या शांततेत अंगावर येणारी विंड चाइम ती सहज ओलांडू शकते. पण नियम बाजूला ठेवला तरी, आपल्याला गोड वाटणारा आवाज शेजाऱ्यानं मागितलेला नसतो. लावण्याआधी त्या आजोबांना एकदा बोलावून ऐकवा. कुठला स्वर आवडतो ते विचारा. मी गिऱ्हाइकांना हे आवर्जून करायला सांगतो आणि त्यानं खरोखर फरक पडतो.

दोरी सुती नको, एका पावसाळ्यात कुजते. मासे पकडायच्या गळाची नायलॉन दोरी सगळे वापरतात, पण ती उन्हात ठिसूळ होते आणि भोकाच्या कडेवर कापली जाते. विणलेली पॉलिएस्टर दोरी, दीड ते दोन मिलिमीटरची, सगळ्यात भरवशाची. गाठ मारल्यावर टोक मेणबत्तीवर धरून वितळवून घ्या.

आता गावचं अंगण. तिथे जागा आहे, तर मोठं, खर्जातलं विंड चाइम करायचा मोह होईल. मोह चांगला आहे, पण २५ मिलिमीटरचाच पाईप लांब कापून तो पुरा होत नाही. त्या पाईपची १.२ मीटरची नळी हिशेबानं १०५ हर्ट्झला वाजते, मात्र एवढ्या बारीक नळीला पुरेशी हवा ढकलता येत नाही आणि तो खर्ज कानापर्यंत पोचतच नाही. ऐकू येतो तो तिचा वरचा, २.७६ पटीचा स्वर. खर्ज हवा तर घेर वाढवा. ५० मिलिमीटर व्यासाचा, २ मिलिमीटर जाडीचा पाईप १.२ मीटर घेतला की षड्ज २१० हर्ट्झच्या आसपास मिळतो, म्हणजे बाल्कनीतल्या षड्जाच्या बरोबर एक सप्तक खाली. भूपाचे पाच स्वर लावायचे तर लांबी १२००, ११३१, १०७३, ९८० आणि ९३०, आणि पाचही नळ्या मिळून साडेचार किलोच्या आत बसतात. आंब्याच्या किंवा फणसाच्या जाड फांदीला रुंद पट्टा बांधून त्यावर टांगा. बारीक तार बांधली तर ती सालीत रुतून फांदी मारते.

समुद्राजवळ ॲल्युमिनियमवर पांढरे ठिपके पडतात. आवाजाला लगेच धक्का बसत नाही, पण दिसायला वाईट. ॲनोडाइज केलेला पाईप मिळाला तर तो घ्या. नळीत स्टीलचा स्क्रू किंवा आरपार खिळा घालू नका. खाऱ्या ओलाव्यात दोन धातू एकत्र आले की ॲल्युमिनियम त्या जागी झपाट्यानं खाल्लं जातं. दोरीच बरी. जीआय पाईपचा जस्ताचा मुलामा कापलेल्या तोंडाशी उघडा पडतो आणि गंज तिथूनच आत जातो.

कोकणात घर असताना बांबूचा विचार करायलाच हवा, आणि मला स्वतःला अंगणात बांबूच जास्त आवडतो. त्याचा आवाज स्वर लांबवणारा नसतो. ‘टोक, टोक’ असा कोरडा, मोकळा असतो आणि पानांच्या सळसळीत मिसळून जातो. मात्र सिंधुदुर्ग-रत्नागिरीत लागवडीत सगळीकडे दिसणारा माणगा यासाठी कामाचा नाही. तो जवळपास भरीव असतो, फर्निचरला आणि काठ्यांना उत्तम. विंड चाइमला पोकळ, पातळ भिंतीचा बांबू शोधा. बांबू तीन वर्षांहून जुना, पक्का असावा आणि तोड थंडीत झालेली असावी, कारण त्या दिवसांत बांबूत पिष्ट कमी असतं आणि पिष्टावरच भुंगा येतो. वरच्या बाजूला एक पेर बंद ठेवायचं, खालचं तोंड उघडं. वाजते ती मुख्यतः आतली हवा, म्हणून खालचं तोंड थोडं थोडं कापत स्वर चढवता येतो. कापलेले तुकडे बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या पाण्यात काही दिवस बुडवून, मग सावलीत वाळवा. उन्हात वाळवले तर तडकतात, आणि तडकलेली नळी वाजत नाही. पेराच्या खाली बारीक पितळी तारेचे चार-पाच वेढे आवळून घ्या आणि वर्षातून एकदा बाहेरून जवसाचं तेल पुसा.

किनाऱ्यावर शिंपल्यांची विंड चाइम दिसतात. गोव्यातल्या जुन्या घरांच्या खिडक्यांना काचेऐवजी जे पातळ, दुधी शिंपले लावलेले असत, त्यांचीही करतात. नाजूक किणकिण असते. पण त्या जातीला आपल्याकडे वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, तेव्हा ते विकत घेऊ नका आणि गोळाही करू नका.

धातूची विंड चाइम हवी, पण नळ्या कापायचा खटाटोप नको, असं वाटलं तर कच्छमधल्या भुजजवळच्या निरोणा गावच्या घंटा बघा. तिथले लोहार लोखंडी पत्रा ठोकून, घड्या घालून, कुठेही डाग न देता घंटा वळतात. मग तांब्या-पितळेची पूड आणि मातीचा लेप चढवून ती भट्टीत भाजतात आणि पूड वितळून पत्र्यावर बसते. आत लाकडाची जीभ असते. गुरांच्या गळ्यात बांधायच्या या घंटा आहेत, आपलं जनावर दुरूनच आवाजावरून ओळखू यावं म्हणून. कारागीर शेवटी घंटेच्या कडेवर हातोडीचे हलके ठोके देत, कानाशी धरत, पुन्हा ठोकत स्वर बसवतो. तो ठोका देताना मी बारकाईनं पाहिला आहे: हातोडी उचलते जेमतेम दोन बोटं, आणि प्रत्येक ठोक्यानंतर त्याचे डोळे घंटेवर नसतात, मान कलती असते. लाकडी जिभेमुळे आवाज मऊ राहतो, म्हणून लहान आकाराच्या चार-पाच घंटांची माळ बंद बाल्कनीतही चालून जाते. घ्यायला गेलात तर प्रत्येक घंटा वाजवून, एकमेकींशी जुळवून घ्या. दिसायला सारख्या दोन घंटांचे स्वर सारखे नसतात.

काशाचंही विचारलं जातं. चार भाग तांब्याला साधारण एक भाग कथील, हा घंटेचा धातू. टाळ त्याचेच, देवळातल्या घंटाही त्याच्याच. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतल्यावर पोर्तुगीज चर्चमधल्या ज्या घंटा आल्या, त्यातली एक वाईजवळ मेणवलीला घाटावरच्या देवळात आहे. अशा धातूचा स्वर किती वेळ टिकतो ते तिथे ऐकायला मिळतं. पण काशाच्या नळ्या बाजारात मिळत नाहीत, ओतून घ्याव्या लागतात आणि ओतकामात जाडी सारखी येणं कठीण. घरच्या कामाला तो रस्ता धरू नका.

वास्तूच्या नावानं नळ्या पाच हव्यात की सहा, पोकळ की भरीव, हे विचारणारे खूप असतात. श्रद्धा असेल तर जरूर पाळा. सांगितलेल्या आकड्यात बसणारे स्वर निवडता येतात. वरच्या मापातला तार षड्ज काढून टाकला की पाच नळ्या झाल्या. चकतीवर त्या पुन्हा सारख्या अंतरावर घ्या आणि सा च्या एका बाजूला प, दुसऱ्या बाजूला ग येऊ द्या.

लावण्याची जागा ठरवताना एक आठवडा त्या जागी नुसती कागदाची पट्टी दोऱ्याला बांधून ठेवा. कुठल्या वेळी वारा कुठून येतो ते दिसतं. गुहागरला दुपारनंतर समुद्रावरून येणारा वारा अंगणाच्या एका कोपऱ्यात सरळ लागतो आणि दुसऱ्या कोपऱ्यात घराला वळसा घालून, तुटक तुटक येतो. तुटक वारा विंड चाइमला चांगला, कारण मधे शांतता राहते आणि स्वर पुरता विझू शकतो. सरळ वाऱ्यात लोलक एका बाजूला टेकून राहतो आणि त्याच दोन नळ्या बडवतो. भिंतीपासून हातभर तरी लांब ठेवा.

जूनच्या आधी गावचं मोठं विंड चाइम उतरवून पडवीत घ्या. मृगाच्या वादळी वाऱ्यात नळ्या एकमेकींवर आपटून पोचतात, आणि पोचा आलेली नळी पुन्हा सुरात येत नाही, ती नवीनच कापावी लागते. डोंबिवलीतलं पावसाळाभर राहू दे, फक्त पट्टी काढून ठेवा. दसऱ्याच्या सुमाराला दोन्ही खाली घेऊन प्रत्येक भोकाशी दोरी चिमटीत धरून फिरवून बघा. एखादा धागा जरी उसवलेला दिसला तरी सगळ्याच दोऱ्या बदला, एकटी ती नव्हे, कारण बाकीच्यांनीही तेवढंच ऊन-पाऊस खाल्लेलं असतं.